जिरेपर्यंत

“अक्का, हे तोंडाला लावलं तर चालंल का ओ?”

हेमांगीनं असं विचारलं तेव्हा मी डब्यात पोळ्या भरत होते. हेमांगी म्हणजे माझी धाकटी जाऊ. सकाळचे साडेआठ वाजले होते, दवाखान्याला जायला मला उशीर होत होता, आणि ही न्हाऊन, केस मोकळे सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात मलमाची ट्यूब होती, निम्मी पिळलेली.

“तोंडाला काय झालंय तुझ्या?” मी विचारलं.

“हे वांग बघा की. गार्गीच्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर आलंय, जाता जात नाही.” मग तिनं हात पुढं केले. “आणि हे हात बघा.”

गार्गी म्हणजे तिची तान्ही लेक. तिचे लंगोट धुवून धुवून हेमांगीच्या हातांना इसब झालं होतं. बोटांच्या बेचक्यांत भेगा, पाणी सुटलेलं, भाकरी थापायची म्हटलं की डोळ्यांत टिपं यायची. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला आमच्या डॉक्टरबाईंकडं नेलं होतं. आता हात साफ झाले होते. नुसते साफ नाही, मनगटापर्यंत चांगले उजळले होते, पांढरे हातमोजे घातल्यासारखे.

“हाताला एवढा गुण आला,” ती म्हणाली, “मग गालाला का नाही येणार?”

चालणार नव्हतं. ते मलम जहाल होतं, तळहात-तळपायांच्या जाड कातडीसाठी होतं, आणि तेही दोनच आठवडे. हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी डब्याचं झाकण लावलं.

“डॉक्टरबाईंनी नको कुठं म्हटलंय?” मी म्हटलं. “लाव की.”

“पातळच लावते.”

“लाव. चांगलं जिरेपर्यंत चोळ.”

ही सतरा वर्षांपूर्वीची, बार्शीतली गोष्ट. मी तेव्हा देवस्थळीबाईंच्या दवाखान्यात कामाला होते. बाई कातडीच्या डॉक्टर, बाहेर कायम रांग. त्या तपासायच्या, चिठ्ठी लिहायच्या आणि म्हणायच्या, “कसं लावायचं ते बाहेर शकूबाई सांगतील.” मग पेशंट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि मी सांगायची. दिवसाला चाळीस जणांना, नऊ वर्षं. हे स्टेरॉईडचं मलम आहे, याला घाबरायचं नाही आणि याचे लाडही करायचे नाहीत. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढीच वळी काढायची, तेवढी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पातळ लावायचं, हलक्या हातानं, जिरेपर्यंत. तोंडाला नाही, काखेत नाही, जांघेत नाही. नायट्यावर तर बिलकूल नाही. दिलेत तेवढेच दिवस लावायचं, घरातल्या पोराबाळांना लावायचं नाही. आणि फार दिवस लावून झालं असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही, आधी इथं यायचं. काही शहाणे शेजारणीचं ऐकून मलम उकिरड्यावर टाकायचे आणि महिन्यानं रक्ताळलेले हात घेऊन परत यायचे. त्यांनाही मीच झापायची. दहावी नापास होते, पण त्या टेबलाशी मला मान होता.

हेमांगीला नेलं त्या दिवशी बाई हसून म्हणाल्या, “घरचीच आहे ना, तिला घरी सांगा निवांत.” घरी आल्यावर मी तिला एवढंच सांगितलं की दिवसातनं दोनदा लाव. बाकीचं विसरले नव्हते.

आता माझ्या पोटात काय होतं ते सांगते. मला मूल नाही. माझा रंग काळा आहे, सावळा नव्हे, काळा. हेमांगी या घरात आली ती गोरीपान, बी.ए. झालेली, आणि सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. तेही मी गिळलं असतं. हेमांगीला दिवस गेले. चौथा महिना लागल्यापासून ती सकाळी खोलीबाहेरच येईनाशी झाली. मी कामाला गेले की ही बाहेर यायची. मला वाटलं, उलट्या होत असतील. मी तिच्यासाठी लिंबाचं सरबत करून दाराशी ठेवून जायची, झाकण घालून.

गार्गीच्या बारशाला उलगडा झाला. पोर काळी निपजली होती. बायका पाळण्यात डोकावून “नाक छान आहे हो” म्हणत होत्या, म्हणजे रंगाचं काही बोलायला नको. तेव्हा आत्याबाई माझ्यादेखत म्हणाल्या, “काय सांगू बया, सकाळच्या पारी थोरलीचं तोंड बघू नको म्हणून हिला सहा महिने खोलीत ठिवली. एवढं जपलं, तरी पोरगी थोरलीच्याच रंगावर गेली.” बायका हसल्या. हेमांगी माझ्याकडं बघून खाली बघायला लागली. मी हातातली घुगऱ्यांची परात घेऊन पुढच्या बाईकडं गेले.

मलम जिरवायचं असतं हे मी लोकांना सांगायची. मला हिची जिरवायची होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मलमाचं एक वाईट आहे, ते आधी फार गोड वागतं. महिनाभरात हेमांगीचं वांग फिकं झालं, तोंड तुकतुकीत झालं. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय लावतेस गं. ही हसून म्हणायची, काही नाही, डाळीचं पीठ. ट्यूब संपली तशी ती माझ्याकडं आली.

“अक्का, दुकानात गेले तर चिठ्ठी मागतात. तुम्हाला देतील ना?”

आमच्या दवाखान्याच्या खाली औषधांचं दुकान होतं, तिथं माझी रोजची ऊठबस. बाईंनी सांगितलंय म्हटलं की तो दुकानदार काही न विचारता द्यायचा. मी आणून दिली. पुढच्या महिन्यात आणखी एक. तिच्या गालाची कातडी कागदासारखी पातळ होत चालली होती, ऊन लागलं की लाल व्हायची, आणि कल्ल्यांपाशी बारीक लव यायला लागली होती. मला ते रोज दिसायचं. मी मनात म्हणायची, अजून थोडं.

मग ट्यूबा लवकर संपायला लागल्या. महिना जाणारी ट्यूब दहा दिवसांत संपायची. मी पेराचा हिशेब शिकवणारी बाई. एका तोंडाला एवढं मलम लागत नाही हे मला कळत होतं. वाटलं, गळ्याला, हातांना फासत असेल, फासू दे. विचारलं नाही. मागेल तेव्हा आणून दिल्या, त्याही दोन-दोन एकदम.

त्याच सुमाराला गार्गीनं बाळसं धरलं. गाल असे वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. सारखी दूध मागायची. आत्याबाई खूश, काळी असली तरी गुटगुटीत आहे म्हणायच्या, आणि रोज मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. मी सकाळी नऊला जायची ते रात्री नऊला यायची. यायची तेव्हा पोर झबलं-टोपडं घालून झोपलेली असायची. मी गालाला हात लावायची आणि जेवायला बसायची. तिच्यावर माझा राग नव्हता. उलट, ती माझ्यासारखी दिसते म्हणून मला आतून बरंच वाटायचं.

ती नऊ महिन्यांची असताना महिला मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. रविवारी सकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये. हेमांगी पोरीला घेऊन निघाली, आत्याबाई निघाल्या, दवाखान्याला सुट्टी म्हणून मीही गेले. टेबलावर काटा ठेवला होता. अंगणवाडीच्या मॅडम एकेक बाळ उघडं करून काट्यावर ठेवत होत्या. गार्गीची पाळी आली, हेमांगीनं झबलं काढलं, आणि मी पहिल्यांदा ती पोर भर उजेडात, टेबलावर, उघडी बघितली.

दवाखान्यात मी बाईंच्या शेजारी उभी राहून हजार अंगं बघितली होती. चेहरा चंद्रासारखा गोल आणि लालसर, पोट मोठं, आणि हातपाय मात्र काटक्या. कपाळावर, पाठीवर काळी मऊ लव. मांड्यांच्या कातडीवर तांबूस रेघा. आणि सगळं अंग चट्ट्याचट्ट्यांनी उजळलेलं, हेमांगीचे हात उजळले होते तसं.

“वजन बघा, साडेदहा किलो,” मॅडम म्हणाल्या. मग टेप लावून त्यांनी वही चाळली आणि हसल्या. “उंची मात्र तीन महिन्यांपूर्वी होती तेवढीच. आडवी वाढतीय गं तुझी लेक.”

सगळे हसले. पहिला नंबर आमचा आला. नगरसेविकाबाईंनी पोरीच्या गळ्यात हार घातला आणि हेमांगीला स्टीलचा डबा दिला. आत्याबाईंनी येईल-जाईल त्याला सांगितलं, आमचीच नात म्हणून. मी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी हेमांगीला माजघरात ओढलं.

“पोरीला मलम लावतेस?”

ती घाबरली. “थोडंच, अक्का. मालिश करताना. तिला ते मानवलंय, बघा की किती उजळलीय. आत्याबाई रोज तिच्या रंगावरनं बोलतात, मला ऐकवत नाही ओ. उद्या तिचं लग्न व्हायचंय.”

“नऊ महिन्यांची आहे ती.”

“म्हणूनच. आत्तापासून लावलं तर...”

“कधीपासून लावतेस?”

“पाचवा लागल्यापासून. का ओ, काय झालं?”

या जागी मी चुकले, आणि चुकले म्हणणंही खोटं आहे. मला करायचं काय ते ठाऊक होतं. पोर उचलायची आणि थेट बाईंच्या घरी जायचं. पण बाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, मलम आलं कुठनं. मग खालचा दुकानदार, मग मी. नऊ वर्षांचं टेबल गेलं असतं, आणि बार्शीत कुणी मला दारात उभं केलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार मी केला.

“आजपासून बंद,” मी म्हटलं. “तुझंही आणि तिचंही. आण त्या ट्यूबा इकडं. आणि कुणाला एक अक्षर बोलायचं नाही, आत्याबाईंना तर नाहीच.”

“एकदम बंद?”

तिनं हे विचारलं. मी रोज चाळीस जणांना जे सांगायची ते हिनं आपणहून विचारलं.

“एकदम,” मी म्हटलं, आणि दोन्ही ट्यूबा चुलीत घातल्या.

तिसऱ्या दिवशी हेमांगीचं तोंड पेटलं. लाल, सुजलेलं, पुळ्याच पुळ्या. आत्याबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. हेमांगी ओला फडका तोंडावर दाबून बसायची आणि माझ्याकडं बघायची. मी म्हणायची, उतरेल. चौथ्या दिवशी गार्गीला जुलाब लागले. पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्यात फोन आला, पोर मान टाकतीय.

मी पोचले तेव्हा मुलांच्या दवाखान्यात तिला टेबलावर घेतलं होतं. आत्याबाई आणि हेमांगी भिंतीला टेकून उभ्या, हेमांगीचा नवरा, धनंजय भावोजी, बाहेर पैसे भरायला गेलेले. डॉक्टर तरुण होते. पोर कापडासारखी पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. सिस्टर शीर शोधायला तिसऱ्या जागी सुई टोचत होत्या आणि ती रडत नव्हती.

“बाळाला काही औषध चालू होतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “गोळी, मलम, काढा, काहीही.”

“न्हाई ओ,” आत्याबाई म्हणाल्या. “घुटी तेवढी.”

हेमांगीनं माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

डॉक्टरांनी पोरीचा चेहरा निरखला, पोटावरची कातडी चिमटीत धरून बघितली. “साखर फार खाली आलीय, बीपी लागत नाहीये. नुसत्या जुलाबानं एवढं होत नाही. जे असेल ते आत्ता सांगा, नाहीतर मुलगी हातची जाईल.”

बोलायला मला किती वेळ लागला ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. सिस्टरनी चौथ्या जागी सुई लावली, शीर मिळाली, चिकटपट्टी चिकटवली, एवढा वेळ मी गप्प होते. हेमांगी बोलेल म्हणून वाट बघत होते. तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव घेतलं असतं तर मला काहीच करावं लागलं नसतं. मग तिचे ओठ हलले. ती म्हणाली, “अक्कांनी...”

“ही तिला मलम लावायची, डॉक्टर,” मी म्हटलं. “स्टेरॉईडचं. पोर गोरी व्हावी म्हणून. चार महिने, अंगभर.”

हेमांगीनं तोंड मिटलं.

“आणि बंद कधी केलं?”

“पाच दिवस झाले.”

“एकदम? कुणी सांगितलं?” त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. सिस्टरना इंजेक्शनचं नाव सांगितलं. मला ते नाव माहीत होतं, ते स्टेरॉईडच असतं. पोरीच्या अंगानं स्वतःचं तयार करणं सोडून दिलं होतं, बाहेरनं मिळतंय म्हणून, आणि मी ते एका दिवसात तोडलं होतं.

संध्याकाळच्या आत गार्गी रडली. बारीक आवाजात, पण रडली. डॉक्टर बाहेर येऊन आत्याबाईंना म्हणाले, “या बाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचली.” त्या बाई म्हणजे मी. आत्याबाईंनी आधी माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. ज्या तोंडापासून त्यांनी सहा महिने सून लपवली होती, त्याच तोंडावरनं. मग बाकड्याशी गेल्या आणि बसलेल्या हेमांगीच्या थोबाडीत मारली. सोललेल्या गालावर वळ उठला नाही, रक्त आलं.

“कुणी आणून दिलं तुला ते इख?” आत्याबाईंनी विचारलं.

हेमांगीनं पदरानं गाल टिपला.

“मीच आणलं,” ती म्हणाली. “बाजारातनं.”

पुढचं थोडक्यात सांगते. पोरीच्या जिवावर उठलेली बाई घरात नको, असं आत्याबाईंनी ठरवलं, भावोजींनी मान डोलावली, आणि हेमांगीला माहेरी पाठवायचं झालं. पोर मात्र इथंच ठेवायची. हेमांगीच्या वडिलांनाही तोंड वर करून बोलता येईना. तिचं ते तोंड पुढं दोन वर्षं आगीसारखं होतं म्हणे, देवस्थळीबाईंनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. भावोजींनी नंतर दुसरं लग्न केलं. गार्गी माझ्याकडंच वाढली, मला आई म्हणते. माझी नोकरी गेली नाही, पगार वाढला.

पण निघायच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी रिक्षा दारात आली. आत्याबाई देवघरात जाऊन बसल्या होत्या, बाहेर येणार नाही म्हणाल्या. हेमांगीनं डोक्यावरनं ओढलेला पदर तोंडावर धरला होता. पोर माझ्या कडेवर होती. तिला बघून हेमांगीच्या पोलक्याला पान्ह्यानं ओल आली, तिनं तिथंही पदर ओढून घेतला आणि मला एक कागद दिला.

“औषधाचं लिहून दिलंय डॉक्टरांनी. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करायचं. एकदम थांबवायचं नाही, ताप आला तर उलट वाढवायचं. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

“बघते मी.”

“तिकडं दवाखान्यात बोलले नाही मी तुमचं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी हौसेनं मागितलं म्हणून तुम्ही आणून दिलंत, त्याचं तुम्हाला कशाला. तुमची नोकरी गेली असती. त्या दिवशी घाबरून तुमचं नाव तोंडात आलं, त्याचा राग धरू नका.”

पोरीनं तिच्या पदराकडं हात केला, मी तो हात धरून खाली घेतला.

“मला एवढंच माहितीय, अक्का,” हेमांगी म्हणाली, “ते असं असतं हे तुम्हाला ठाऊक असतं, तर तुम्ही मला लावू दिलं नसतं.”

“नसतं दिलं,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू तिला तेवढंच हवं होतं. आमच्याकडं घरातनं निघताना थोरल्या जावेच्या पाया पडायची रीत आहे. ती उंबऱ्यातच वाकली आणि दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवून कपाळ टेकलं. पोर कडेवर घेऊन मी उभी राहिले. पाय मागं घेतले नाहीत.